इशारा तर आला होता

टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीतल्या २०१३ च्या कार्डचोरीबद्दल इतकं लिहून झालंय की त्यात नवं काही उरलेलं नाही. तरी एक बारकी नोंद डोक्यातून जात नाही. ३० नोव्हेंबरचा शनिवार होता. तिकडे थँक्सगिव्हिंगनंतरच्या खरेदीची झुंबड, ट्रॉल्या भरभरून टीव्ही आणि खेळणी बाहेर पडताहेत. कंपनीच्या संगणकांवर नजर ठेवणारी एक तुकडी आपल्या बेंगळुरूत बसायची. सहाच महिन्यांपूर्वी कंपनीने सोळा लाख डॉलर मोजून घुसखोरी ओळखणारी यंत्रणा घेतली होती, आणि त्या दिवशी त्या यंत्रणेने बेंगळुरूच्या पडद्यावर इशारा दिला. तिथल्या लोकांनी तो पाहिला आणि मिनिआपोलिसच्या मुख्यालयाला कळवला. पुढे काही झालं नाही. घातक फाइल आपोआप पुसून टाकायची सोय त्या यंत्रणेत होती, पण ती बंद करून ठेवलेली. चोरलेली कार्डांची माहिती बाहेर जायला लागली ती २ डिसेंबरला. म्हणजे मधे दोन दिवस हातात होते.

इशारा आला, योग्य माणसांना आला, त्यांनी तो पुढेही धाडला, आणि चार कोटी कार्डं गेली.

चोर आत आले ते शीतकरण-वातानुकूलनाची कामं करणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या एका ठेकेदाराचा पासवर्ड घेऊन. तिथून सरकत सरकत गल्ल्यावरच्या बिलिंग मशीनपर्यंत पोचले. खरी मेख पुढे आहे. कार्ड घासलं की चुंबकीय पट्टीवरची माहिती, म्हणजे नाव, क्रमांक, मुदत आणि पट्टीतच दडवलेला एक पडताळणी आकडा, मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीत निमिषभर उघडी पडते. त्यानंतर ती कुलूपबंद होऊन बँकेकडे जाते, पण चोरांचा प्रोग्राम त्या निमिषावरच टपून बसलेला होता. डेबिट कार्डांचे पिनही त्यांनी उचलले, मात्र ते आधीच सांकेतिक रूपात गेलेले असल्याने त्यांची किल्ली चोरांच्या हाती लागली नाही. कार्डाच्या पाठीवर छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही पट्टीत नसतोच, म्हणून तोही गेला नाही. हा फरक नीट लक्षात ठेवावा. पट्टी चोरीला गेली तर तुमच्या कार्डाची नक्कल करून दुकानात वापरता येते. वेबसाइटच्या भरणा-पानावरून चोरी झाली तर सीव्हीव्हीसकट सगळं जातं आणि नक्कल करायचीही गरज उरत नाही. ‘डेटा लीक झाला’ या तीन शब्दांच्या बातमीत नेमकं काय गेलं हे शोधणं, हे पहिलं काम.

चोरलेली कार्डं चोरबाजारात आली तेव्हा त्यांच्यावर भावाच्या चिठ्ठीबरोबर ज्या दुकानातून ती उचलली त्या दुकानाचा पिनकोडही लावलेला होता. कारण धंद्यातलं आहे. ओहायोच्या माणसाचं कार्ड अचानक फ्लोरिडात वाजलं की बँकेला संशय येतो. म्हणून गिऱ्हाइकाने आपल्याच गावातली कार्डं विकत घ्यायची आणि जवळच्याच मॉलमध्ये वापरायची. वीस डॉलरपासून शंभरच्या वर भाव होता. एका पत्रकाराने १८ डिसेंबरला बातमी फोडली, कंपनीने १९ ला मान्य केलं. नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारी चेस बँकेने त्या दुकानांत वापरल्या गेलेल्या डेबिट कार्डांवर दिवसाला शंभर डॉलर रोख आणि तीनशे डॉलर खरेदी अशी मर्यादा घातली. ऐन सणात गल्ल्यावर उभं राहून स्वतःचेच पैसे निघेनात, असे लाखो लोक. त्याच दोन दिवसांत दुकानाने दिलगिरी म्हणून दहा टक्के सवलत जाहीर केली. या निर्लज्जपणाला दाद द्यावी की काय, कळत नाही.

आपल्याकडे बेंगळुरूतल्या त्या इशाऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबर २०१३ पासून, दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन दाबणं सक्तीचं झालं. त्या वेळी केवढी कुरकूर झाली होती! रांगेत लोकांना पिन आठवेना, कुणी तो मोठ्याने दुकानदारालाच सांगून मोकळं. ऑनलाइन व्यवहाराला दुसरा पुरावा मागण्याचा नियम तर २००९ पासूनचा. २०१८ संपता संपता नुसत्या पट्टीवर चालणारी कार्डंही बाद झाली. रिझर्व्ह बँकेच्या या अटींना कटकट म्हणणारे आपण सगळेच होतो, पण टार्गेटसारखी चोरी इथे तशीच्या तशी पचली नसती. तरी फट राहते, आणि ती कुठे ते २०१६ मध्ये दिसलं. एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली, बत्तीस लाख डेबिट कार्डं धोक्यात आली, एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या आसपास कार्डं बंद करून नवी दिली. प्रत्यक्षात पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या त्या ६४१ ग्राहकांच्या, मिळून सव्वा कोटीच्या वर. ते व्यवहार प्रामुख्याने झाले होते चीन आणि अमेरिकेत.

ओटीपी हा आपला देशी नियम आहे. परदेशातल्या व्यापाऱ्याने तो मागितला नाही तर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही, कुठे कुठे तर नुसता क्रमांक-मुदत यावर पैसे वळते होतात. तुमचा फोन वाजतो तो पैसे गेल्यावर.

म्हणून गळतीची बातमी आली की बँकेचं ॲप उघडून कार्डाच्या वापर-नियंत्रणाच्या पानावर जावं. प्रत्येक बँकेत त्याचं नाव वेगळं, जागाही वेगळी. बहुधा ‘कार्ड’ या चौकटीत दोन टिचक्या आत. तिथे वर दोन भाग दिसतात, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय. प्रत्येकाखाली एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप असे चार खटके, आणि खटक्याशेजारी मर्यादेचा आकडा. २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड येतं ते फक्त देशातलं एटीएम आणि दुकान एवढ्यावरच चालू असतं; बाकीचे खटके आपणच कधीतरी चालू केलेले असतात. दुबईच्या सहलीआधी केला, किंवा मुलाच्या परीक्षेची फी डॉलरमध्ये भरायची होती म्हणून केला, आणि तो तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय बाजूचे चारही खटके बंद करा. लागेल त्या दिवशी चालू करून काम झालं की पुन्हा बंद करायला मिनिटसुद्धा लागत नाही. देशी ऑनलाइनची मर्यादा बँकेने उदारपणे लाखाच्या घरात ठेवलेली सापडेल. ती रोजच्या गरजेवर आणा, पाच-दहा हजारांवर. टॅपला पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही, तेव्हा टॅप वापरत नसाल तर तोही खटका बंद करा. परदेशी वेबसाइटवर नियमित काही घेत असाल तर त्यासाठी कमी मर्यादेचं वेगळं क्रेडिट कार्ड ठेवलेलं बरं. डेबिट कार्ड तिथे देऊच नये. क्रेडिट कार्डात वाद बँकेच्या पैशांवर चालतो, डेबिटमध्ये तुमच्या पगारावर.

आता एसएमएसचं. बँका व्यवहाराचा संदेश पाठवतात, आणि तो कुठे जाऊन पडतो ते आपल्याला ठाऊक आहे. साडीच्या सेलची जाहिरात, पिझ्झ्याचं कूपन, वीजबिल, ‘तुमचं पूर्वमंजूर कर्ज’, आणि त्यांच्यामधे कुठेतरी ८७ रुपयांचा एक व्यवहार, अनोळखी नावाचा. हा छोटा व्यवहारच खरा इशारा असतो. चोर कार्ड विकत घेतल्यावर आधी ते जिवंत आहे का हे एखाद-दुसऱ्या डॉलरवर तपासतो. कुणी ओरडलं नाही की मग मोठा हात मारतो. शंभराच्या आतलं म्हणून सोडून दिलेला तो एसएमएस म्हणजे मिनिआपोलिसमध्ये धूळ खात पडलेला इशारा. फोनमध्ये बँकेच्या संदेशांना वेगळा आवाज लावता येतो, ॲपच्या सूचना चालू ठेवता येतात, आणि जुना मोबाइल नंबर बँकेत तसाच राहिलेला असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्यांना मुलाचा बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. एकदा बघून घ्या.

दुकानदाराकडून कार्डाचा पूर्ण क्रमांक चोरीला जाण्याची शक्यता आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून बरीच घटली. त्या तारखेनंतर कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रूपे यांसारखी नेटवर्कं सोडून कुणालाही खरा क्रमांक साठवता येत नाही. दुकानाकडे राहतो तो टोकन, म्हणजे त्या एका कार्डासाठी, त्या एका दुकानापुरता बनवलेला पर्यायी क्रमांक. तो पळवला तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. कुठकुठल्या दुकानांत आपले टोकन पडून आहेत ते बँकेच्या पोर्टलवर किंवा ॲपमध्ये दिसतं आणि तिथूनच काढून टाकता येतं. दिवाळीत एकदा दिवा मागवलेला, त्यानंतर कधी फिरकलो नाही, अशी दुकानं त्या यादीत हमखास असतात. व्यवहारांचा मेळ लागावा म्हणून दुकानांना दोन गोष्टी मात्र ठेवता येतात. बँकेचं नाव आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे.

आणि घोटाळा होतो तो याच चार आकड्यांपाशी.

२०२० च्या ऑगस्टमध्ये जसपे या पेमेंट हाताळणाऱ्या कंपनीतून माहिती गेली, ते जानेवारी २०२१ मध्ये बाहेर आलं. त्यात साडेतीन कोटी नोंदी अशा होत्या की कार्डाचे मधले आकडे झाकलेले, पहिले सहा आणि शेवटचे चार उघडे. हिशोब केला तर सोळांपैकी सहा आकडे गुप्त राहतात. त्यात शेवटचा आकडा गणिताने पडताळण्याची सोय असल्याने दहा लाखांऐवजी एक लाखच शक्यता उरतात. तरी एवढ्यावरून कार्ड चालवणं सोपं नाही, हे कंपन्यांचं म्हणणं खरंच आहे. २०२१ मध्येच डॉमिनोजच्या भारतातल्या अठरा कोटी ऑर्डरींची माहिती बाहेर पडली, तीही अशी मांडून की मोबाइल नंबर टाकला की त्या माणसाच्या ऑर्डरी आणि पत्ते पुढ्यात. कंपनी म्हणाली की आर्थिक माहितीला धक्का लागलेला नाही. तेही मानू. पण अशा दोन-तीन गळत्या एकत्र जोडल्या की काय तयार होतं बघा. नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर, गेल्या महिन्यातली खरेदी, बँक कोणती, आणि शेवटचे चार आकडे. कार्ड चालवायला हे पुरत नाही. माणूस चालवायला पुरतं.

फोन येतो दुपारी, जेवणानंतर. आवाज नम्र, मराठीत किंवा स्वच्छ हिंदीत. ‘काकू, तुमच्या अमुक बँकेच्या कार्डाचे शेवटचे आकडे ४४१७ ना? मंगळवारी तुम्ही मिक्सर घेतलात. त्या दुकानात डेटा चोरी झालीय, बातमी पाहिली असेलच. तुमच्या कार्डावर आता अठ्ठेचाळीस हजारांचा व्यवहार अडकलाय, तो रद्द करतो, फक्त आलेला नंबर सांगा.’ यातलं शेवटचं वाक्य सोडून सगळं खरं आहे. मिक्सर खरा, आकडे खरे, बातमीसुद्धा खरी. खऱ्या बँकेचा एसएमएस रुक्ष असतो, कुणाला काकू म्हणत नाही. खोटा इशारा अदबीने बोलतो, थांबून विचारपूस करतो. म्हणून खऱ्याकडे दुर्लक्ष होतं आणि खोट्याचं ऐकलं जातं. शिकल्यासवरल्या लोकांना अक्कल नाही म्हणून ते फसतात, हे म्हणणं मला पटत नाही. समोरच्याला आपल्याबद्दल माहिती आहे म्हणजे तो आपल्याच बँकेतला, हे अनुमान साधं आणि एरवी बरोबरच असतं. गळतीनंतर तेवढं ते चुकतं.

तेव्हा घरात सांगताना ‘ओटीपी कुणाला देऊ नको’ एवढंच सांगून भागत नाही, ते पाठ असूनही लोक देतात. शेवटचे चार आकडे ही ओळख नव्हे, ते प्रत्येक बिलावर छापलेले असतात, हे सांगावं. व्यवहार रद्द करायला किंवा पैसे परत यायला ओटीपी लागत नाही. ओटीपीच्या संदेशात रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, आकडा वाचण्याआधी ते वाचावं. बँकांनी सेवेच्या कामासाठी फोन करायचे ते १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून, असा नियम आता आहे. दहा आकडी मोबाइलवरून ‘बँक’ बोलत असेल तर फोन ठेवून कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण लावावा. बँकांच्या वेबसाइटचे पत्तेही आता ‘डॉट बँक डॉट इन’ ने संपतात. व्हॉट्सॲपवर ‘रिवॉर्ड पॉइंट’ म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, तर उघडूच नये, ती फोनमधले एसएमएसच वाचून चोराला पाठवते, मग तुम्ही ओटीपी सांगायचीही गरज नाही. आणि घरच्या ग्रुपवर ‘हा माझा कार्ड नंबर, तिकिटं काढ’ म्हणून टाकलेले दोन्ही बाजूंचे फोटो आजच शोधून पुसा. दुकानाला जे साठवायला बंदी आहे ते आपण आत्याच्या, मामाच्या, चुलतभावाच्या फोनमध्ये साठवून ठेवलंय.

पैसे गेलेच, तर क्रम महत्त्वाचा. आधी ॲपमधून कार्ड बंद करायचं. मग बँकेकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यायचा, आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार करता येते, पण पहिल्या तासात १९३० ला महत्त्व आहे, कारण पैसे पुढच्या खात्यात असतील तोवरच ते गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जबाबदारीचा हिशोब घालून दिला. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच आहे, अशा वेळी व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. सूचना मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला कमाल दहा हजारांचा भुर्दंड, त्यावरच्या कार्डाला पंचवीस हजारांचा. त्यानंतर बँकेची मर्जी, म्हणजे तिच्या संचालक मंडळाचं धोरण. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा असतो. चूक तुमची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम. काउंटरवर हे सांगितलं की समोरचा बहुधा ‘आधी एफआयआर आणा’ म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या या नियमाचा दाखला द्यावा, लेखी पोच घ्यावी, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेपोटी संध्याकाळपर्यंत गप्प बसणं फार महागात पडतं.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या आपल्या लोकांचं गणित निराळं. तिथे ओटीपीची ढाल नाही, पण कायदा क्रेडिट कार्डधारकाच्या बाजूने भक्कम आहे. जबाबदारी पन्नास डॉलरच्या वर जात नाही. डेबिटमध्ये मात्र हरवलेल्या कार्डाची खबर दोन दिवसांत दिली नाही तर ती पाचशेवर जाते, आणि तोवर घरभाड्याचा चेक परत गेलेला असतो. टार्गेटने वर्षभराची फुकट क्रेडिट-निगराणी देऊ केली होती. तिचा उपयोग तुमच्या नावावर नवं कर्ज निघालं तर कळावं एवढाच. हातातल्या कार्डावरचा खोटा व्यवहार तिला दिसत नाही. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन ब्युरोंकडे क्रेडिट गोठवणंही २०१८ पासून फुकट आहे आणि करावंच, पण तेही नव्या कर्जापुरतं. आणखी एक गंमत: तिथे नवं कार्ड घेतलं तरी नेटवर्कं नवा क्रमांक परस्पर सदस्यत्वाच्या कंपन्यांना कळवतात. नकोशी वर्गणी कार्ड बदलून बंद होईल या भरवशावर राहू नये.

आपल्याकडे ग्राहकाला गळती कळते ती ट्विटरवरून किंवा पेपरातून. कंपनीने सहा तासांत कळवायचं असतं, पण ते सरकारी यंत्रणेला. ज्याची माहिती गेली त्यालाही कळवा, असं सांगणारे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि त्यांच्या अंमलाला अठरा महिन्यांची मुदत देऊन ठेवली. इतकी घाई कशाला, असं कुणाला वाटलं असेल कोण जाणे.

कार्ड बदलून घ्यायचं की नाही, हा प्रश्न तेवढा राहतो. पूर्ण क्रमांक गेल्याची शंका असेल, परदेशी वेबसाइटवर तो साठवलेला असेल, किंवा एकही अनोळखी छोटा व्यवहार दिसला असेल, तर विचार न करता बदला. नुसते नाव-पत्ता आणि शेवटचे आकडे गेले असतील तर खटके बंद करणं पुरतं. बदलताना पिनही नवा ठेवा, जुन्या कार्डावर चालणाऱ्या हप्त्यांची यादी आधीच करा. पंधरा हजारांपर्यंतचे आपोआप जाणारे हप्ते नव्या कार्डावर नव्याने मंजूर करावे लागू शकतात, आणि हप्ता कापण्याच्या चोवीस तास आधी येणारी सूचना जुन्या कार्डाची आली तर तो हप्ता जाणार नाही हे उघड आहे. मालिका बघण्याचं ॲप बंद पडलं तर त्याच रात्री घरात आरडाओरडा होतो. आयुर्विम्याचा मासिक हप्ता चुकला तर कुणी ओरडत नाही, आणि त्याला सवलतीची मुदत पंधराच दिवसांची असते. नव्या कार्डाचं पाकीट फोडल्यावर पहिला भरणा विम्याचाच करावा.